‘बंब उशिरा आला’

महाराष्ट्र दिनी शिवाजी पार्कवर संचलन होते. पोलिसांच्या तुकड्या जातात, बँड वाजतो आणि अग्निशमन दलाची लाल वाहने पुढे सरकू लागली की वडिलांच्या खांद्यावर बसलेली मुले उभी राहायला बघतात. टाळ्या मनापासून असतात. दलातलेच एखादे वाहन महिनाभराने मैदानामागच्या गल्लीत वर्दीवर निघते, तेव्हा दोन्ही बाजूंना लावलेल्या मोटारींमधून वाट काढताना त्याची बैलगाडी होते. ते पोचेपर्यंत चौथ्या मजल्यावरचा धूर दहा मोबाइलमध्ये साठवून झालेला असतो, आणि वृत्तवाहिनीच्या पट्टीवर वाक्य फिरू लागते : ‘बंब उशिरा आला.’

या वाक्याला अग्निशमन दलाचे उत्तर आलेच, तर दुसऱ्या दिवशी येते. तेही बहुधा एखाद्या राजकीय पुढाऱ्याच्या तोंडून. किती वाजता दूरध्वनी आला, किती वाजता गाडी निघाली, किती वाजता पाण्याचा पहिला फवारा बसला, हे सगळे नियंत्रण कक्षात नोंदलेले असते. पण ते कोणी सांगत नाही. दलाच्या प्रतिमेचा प्रश्न म्हणून त्याकडे पाहिले, तर तो जनसंपर्क खात्याचा विषय ठरतो आणि आरोग्याच्या सदरात त्याचे काही काम उरत नाही. पण आगीत माणूस मरतो कशाने, हे ध्यानात घेतले की हा विषय थेट फुप्फुसापर्यंत पोचतो.

आगीत दगावणाऱ्यांपैकी बहुतेकांना ज्वाळा नव्हे, धूर मारतो. अर्धवट जळणाऱ्या प्लास्टिक, फोम आणि लाकडातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे ते अडीचशे पट घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला आधी डोके जड वाटते, मग निर्णय चुकू लागतात, मग पाय उचलत नाहीत. इमारतीचा जिना धुराड्यासारखे काम करतो; खालचा धूर काही मिनिटांत वर पोचतो. अशा वेळी बाराव्या मजल्यावरच्या कुटुंबाने दार उघडून खाली धावायचे, की फटी ओल्या कापडाने बंद करून आत थांबायचे, की आसऱ्याच्या मजल्याकडे जायचे, हा जीवनमरणाचा निर्णय असतो. तो त्या कुटुंबाने कोणाचे ऐकून घ्यायचा? समाजमाध्यमावरच्या शेजाऱ्याचे, वाहिनीवरच्या निवेदकाचे, की खाली भोंग्यातून ओरडणाऱ्या जवानाचे? जवानाचे ऐकले जाणार असेल, तर त्याच्या दलावर आधीपासून विश्वास असावा लागतो. आपत्तीच्या सेवांची ‘प्रतिष्ठा’ म्हणजे व्यवहारात एवढेच : अनोळखी गणवेशधाऱ्याने ‘थांबा’ म्हटल्यावर घाबरलेला माणूस थांबतो की नाही.

लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ च्या मध्यरात्रीनंतर आग लागली. पहिला दूरध्वनी १२ वाजून ५४ मिनिटांनी गेला. रहिवाशांना दिलेला सल्ला होता, घरातच थांबा. ज्या इमारतीत आग एका घरापुरती कोंडून राहते तिथे हा सल्ला शास्त्रशुद्ध असतो. पण ग्रेनफेलच्या बाहेरच्या आवरणाने पेट घेतला होता, आग भिंतीवरून वर चढत होती, आणि तो सल्ला मागे घेतला गेला २ वाजून ४७ मिनिटांनी. ७२ माणसे गेली. पुढे चौकशी आयोगासमोर लंडन अग्निशमन दलाच्या आयुक्त डॅनी कॉटन यांनी सांगितले की, त्या रात्री दलाने जे केले त्यात आपण काही बदल करणार नाही. आपल्या जवानांची पाठराखण करण्याचा हेतू त्यामागे असेल. पण ऑक्टोबर २०१९ च्या अहवालाने या उत्तरावर कडक ताशेरे ओढले आणि वर्षअखेर त्यांनी पद सोडले. ज्या रात्री त्यांचे जवान जिवावर उदार होऊन त्या जिन्यांतून चढत होते, त्या रात्रीची आठवणही त्या एका वाक्याने झाकोळली. चूक मान्य केल्याने दलाची अब्रू जाते, या समजुतीला याहून महागडे उत्तर मिळालेले नाही.

मुंबईत या समजुतीची मुळे जुनी आहेत. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर आग लागली. जहाजावर कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे १४०० टन स्फोटके होती. धोक्याचा लाल बावटा मात्र जहाजावर नव्हता. आत नऊशे टनांहून अधिक पाणी ओतूनही आग विझली नाही. दुपारी ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला, ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर या हादऱ्याची नोंद झाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. आजही १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्यासाठी.

या स्फोटाची बातमी मात्र युद्धकाळातल्या सेन्सॉरने अडवली. बातमीदारांना वार्तापत्रे बाहेर पाठवता आली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. दरम्यान जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी तपशीलवार बातमी देऊन टाकली होती! ज्या शहरातल्या घरांवर जळता कापूस आणि सोन्याच्या विटा येऊन पडल्या, त्या शहराला आपल्यावर काय कोसळले हे शत्रूच्या रेडिओवरून कळण्याची सोय सरकारने करून ठेवली. हल्ला झाला, ही अफवा पसरली यात नवल ते काय. सेन्सॉर गेला, पण वरून परवानगी आल्याशिवाय तोंड उघडायचे नाही, ही सवय आपल्याकडच्या सरकारी खात्यांत राहिली.

अलीकडचा एक नियम या सवयीला बळ देतो, म्हणून त्याचाही उल्लेख हवा. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात वाहिन्यांनी ताजमहाल हॉटेलबाहेरून जे थेट प्रक्षेपण केले, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कसाब खटल्याच्या निकालात कठोर शब्दांत टीका केली. २०१५ मध्ये केबल वाहिन्यांच्या नियमांत बदल होऊन दहशतवादविरोधी कारवाईचे थेट चित्रण बंद झाले. नेमलेला अधिकारी वेळोवेळी माहिती देईल, तेवढीच दाखवायची. हे योग्यच झाले. पण दहशतवादी वाहिनी पाहून डाव बदलतो, आग वाहिनी पाहत नाही. आगीच्या वेळी माहिती रोखून कोणाचाच फायदा नसतो. उलट, नेमलेला अधिकारी आणि ठरावीक वेळाने निवेदन ही त्या नियमातली अर्धी गोष्ट आगीच्या प्रसंगी जास्त उपयोगी आहे. नेमकी तीच उचलली गेली नाही.

त्यामुळे दलाकडून माहितीचे जे चार तुकडे बाहेर पडतात, ते समजावून न सांगितल्याने दिशाभूल करतात. ‘आग लेव्हल तीनची’ हा त्यातला एक. वाचक तो आकडा भूकंपाच्या रिश्टर मापासारखा वाचतो. प्रत्यक्षात वर्दीचा क्रमांक हा मुख्यतः किती गाड्या आणि किती मनुष्यबळ बोलवावे लागले याचा हिशेब असतो. बंद गोदामाची चौथ्या क्रमांकाची आग कोणालाही इजा न करता विझू शकते, आणि एका खोलीतली पहिल्या क्रमांकाची आग अख्खे कुटुंब नेऊ शकते. ‘आग आटोक्यात’ आणि ‘आग विझली’ यांतला फरकही असाच कोणी सांगत नाही. आटोक्यात म्हणजे ती आता पसरत नाही, एवढेच. आतल्या निखाऱ्यांवर तासन् तास पाणी मारणे बाकी असते, आणि नेमके त्याच वेळी रहिवासी कागदपत्रे आणायला वर जाऊ द्या म्हणून जवानांशी भांडत असतात.

तिसरा तुकडा सगळ्यांत बेरकी. ‘प्राथमिक अंदाजानुसार शॉर्टसर्किट.’ आग धुमसत असतानाच हे कारण जाहीर होते आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मथळ्याखाली स्थिरावते. शास्त्राच्या दृष्टीने हे विधान त्या क्षणी जवळजवळ निरर्थक आहे. आग दुसऱ्याच कारणाने लागली तरी तिच्या धगीने तारांवरचे आवरण वितळते, उघड्या तारा एकमेकींना टेकतात आणि शॉर्टसर्किट होतेच. म्हणजे जळालेल्या तारा आगीचे कारण असू शकतात किंवा तिचा बळीही. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. तारेच्या टोकावर तयार झालेला तांब्याचा मणी ठिणगीने झाला की भोवतालच्या उष्णतेने, हे कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते, आणि तिथेही उत्तर नेहमी ठाम मिळत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ असे लिहिण्यासारखाच हा प्रकार. हृदय सगळ्यांचेच बंद पडते. ते का पडले, हा प्रश्न विचारायचे राहून जाते. शॉर्टसर्किट म्हटले की कोणी दोषी उरत नाही. ना जिना सामानाने भरणारा, ना पंप बंद ठेवणारी सोसायटी, ना तपासणी न करणारी यंत्रणा.

कमला मिलमध्ये २०१७ च्या डिसेंबरअखेर गच्चीवरच्या उपाहारगृहांत आग लागली. १४ जण दगावले, त्यांतले बरेचसे स्वच्छतागृहात अडकून गुदमरून. आधीचा सगळा रोख ‘वन अबव्ह’कडे होता. आठवड्याभराने अग्निशमन दलाच्या अहवालाने बोट दाखवले ते शेजारच्या ‘मोजोज् बिस्ट्रो’कडे, तिथल्या हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे. अहवालातले सगळेच निष्कर्ष न्यायालयात टिकतील की नाही, हा वेगळा प्रश्न. पण इथे दलाने अंदाजाच्या पुढे जाऊन कारण शोधले, ते लिहिले आणि ते लोकांपर्यंत पोचले. दलाची किंमत त्याने वाढली. हा अपवाद नियम का होत नाही? एक कारण उघड आहे. इमारतीला ना-हरकत देणारे दल तेच, आग विझवणारे तेच आणि आगीचे कारण शोधणारेही तेच. स्वतःच दिलेली परवानगी चुकली होती का, हे स्वतःच्या अहवालात लिहायला फार मोठे काळीज लागते. चौकशीचे काम स्वतंत्र यंत्रणेकडे गेल्याशिवाय ही अडचण सुटणार नाही, आणि दलाने ती मागणी स्वतःहून करावी, इतकी ती त्याच्याच हिताची आहे.

न बोलण्याचा फटका केवळ बंबालाच बसतो असे नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. परळच्या केईएम रुग्णालयात मृतदेह आले आणि त्यांच्या कपाळावर शाईने क्रमांक लिहिले गेले. ती छायाचित्रे बाहेर पडताच संताप उसळला. वास्तविक एकाच वेळी अनेक मृतदेह येतात तेव्हा प्रत्येकाला एकच क्रमांक देणे ही जगभरची पद्धत आहे. क्रमांकासह छायाचित्रे लावली की नातेवाइकांना एकेक चेहरा उघडून पाहण्याची यातना टळते, देहांची अदलाबदल होत नाही. रुग्णालयाने नंतर खुलासाही तसाच केला. पण तो नंतर केला. सकाळीच कोणी दोन ओळींत सांगितले असते, आणि क्रमांक कपाळाऐवजी मनगटावरच्या पट्टीवर असता, तर त्याच कामाची नोंद शिस्त म्हणून झाली असती. अर्थात मृताच्या कपाळावर लिहू नये, एवढे भान कोणत्याही पद्धतीत बसायला हवे होते. खुलासा कितीही वेळेवर आला तरी ते झाकले गेले नसते.

अपुऱ्या माहितीने कौतुकाचेही नुकसान होते. परळच्या हिंदमाताजवळील क्रिस्टल टॉवरला २२ ऑगस्ट २०१८ रोजी आग लागली, चौघे दगावले. तिथल्या दहा वर्षांच्या मुलीने शाळेत शिकलेले आठवून शेजाऱ्यांना ओल्या सुती कापडातून श्वास घ्यायला सांगितले. तिला पुढे राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला, आणि तो तिच्या प्रसंगावधानाला शोभणाराच होता. पण बातम्यांतून लोकांच्या मनात उरले ते असे की ओले फडके धूर शुद्ध करते. ते काजळीचे कण आणि पाण्यात विरघळणारे काही वायू अडवते, घशाची जळजळ कमी करते, माणूस शांत राहतो. कार्बन मोनॉक्साइड त्यातून सरळ पार होतो. फडक्याने मिळतात ती काही मिनिटे, दाट धुरातून दहा मजले उतरण्याची मुभा नव्हे. त्या आठवड्यात सगळे शहर हा विषय वाचत होते. दलाच्या एका अधिकाऱ्याने तेव्हा हे एवढेच सांगितले असते, तर वर्षभराच्या पथनाट्यांहून जास्त काम झाले असते. त्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नव्हते, ही बाबही पुढे आली होती. ती चार दिवसांत मागे पडली.

करी रोडच्या अविघ्न पार्क इमारतीत २२ ऑक्टोबर २०२१ रोजी एकोणिसाव्या मजल्यावर आग लागली. जीव वाचवण्यासाठी सज्जाला लोंबकळलेला सुरक्षारक्षक हात सुटून खाली पडला आणि दगावला. ते चित्रीकरण किती मोबाइलवरून फिरले याला गणती नाही. असे दृश्य पाहिले की ‘खाली गादी का धरली नाही?’ हा प्रश्न कोणाच्याही तोंडी येतो. त्याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. उडी झेलणाऱ्या हवेच्या गाद्यांची प्रचलित प्रमाणित मर्यादा साधारण १६ मीटरची, म्हणजे पाचेक मजल्यांची. एकोणिसावा मजला त्याच्या तिपटीहून उंच. तिथून पडणारे शरीर वाऱ्याने सरकते, गादी चुकते, आणि वेग इतका असतो की गादीवर पडले तरी वाचण्याची खात्री नाही. लोकांच्या मनातले प्रश्न विचारले जाण्याआधीच त्यांची उत्तरे तयार ठेवणे हे संवाद अधिकाऱ्याचे काम. असा माणूस घटनास्थळी हवा. ज्याला आगीचे शास्त्र कळते, जो स्वतः पाण्याच्या नळीवर नाही आणि ज्याला ‘हे अजून माहीत नाही’ असे म्हणायची मुभा आहे.

दलाची स्वतःची प्रसिद्धी मात्र शिडीवर अडकून पडलेली दिसते. नव्वद मीटरपर्यंत पोचणारी शिडी ताफ्यात आली, तेव्हा तिची छायाचित्रे झळकली. यंत्र उत्तमच आहे. पण परळ-लोअर परळमध्ये अडीचशे मीटरच्या पुढच्या इमारती उभ्या आहेत, आणि शिवाजी पार्कच्या जुन्या तीनमजली इमारती पाडून जे मनोरे उठत आहेत त्यांच्यापुढचे रस्ते तेवढेच आहेत. एवढ्या मोठ्या वाहनाला वळायला आणि जमिनीवर पाय रोवायला जागा लागते. ती नसेल तर शिडी कितीही लांब असो, ती नाक्यावरच राहणार. उंच इमारतीत माणसाला वाचवते ती इमारतीचीच यंत्रणा : चालू पंप, भरलेली टाकी, छतातले फवारे, बंद राहणारी जिन्याची दारे, सामान न भरलेला आसऱ्याचा मजला. शिडीचे छायाचित्र पाहून बाविसाव्या मजल्यावरचा रहिवासी निर्धास्त झाला, तर त्या प्रसिद्धीने त्याचे अहितच केले.

शौर्याच्या बातमीचेही थोडेसे असेच होते. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीची आग विझवताना ती कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी तिथेच गेले. सुधीर अमीन आणि खुद्द मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर भाजल्यामुळे उपचार सुरू असताना पंधरवड्याच्या आत गेले. शहराने मान झुकवली, ते योग्यच होते. पण जळत्या जुन्या इमारतीपासून किती अंतर राखायचे, ते कोण ठरवते, कोसळण्याची खूण कोणती, हे प्रश्न हारतुऱ्यांच्या बातमीत मावत नाहीत. जवानाला ‘शहीद’ म्हणून मोकळे होणे सोपे असते. त्याच्या जागी उद्या जाणाऱ्या जवानाच्या फुप्फुसांची तपासणी, त्याचा श्वसनसंच आणि त्याने पाहिलेल्या मृत्यूंचा मनावर राहणारा ओरखडा यांवर लिहायला मथळा सापडत नाही.

आणि शेवटी ‘उशीर’. नियंत्रण कक्षातल्या चार वेळा दलाने त्याच संध्याकाळी जाहीर कराव्यात : दूरध्वनी आला ती, गाडी केंद्रातून निघाली ती, फाटकाशी पोचली ती आणि पाणी सुरू झाले ती. पहिल्या तीन वेळांतला उशीर दलाचा किंवा वाहतुकीचा. तो असेल तर दिसू दे, आणि महापालिकेला त्याचे उत्तर देऊ दे. पण तिसऱ्या आणि चौथ्या वेळेतले अंतर फाटकाच्या आतले आहे. आवारात आडव्या लावलेल्या मोटारी, कुलूप लावलेला जिना, सुरू न होणारा पंप. २००६ च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीची अग्निरोधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे ‘नमुना ब’, दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. ते मालकाने किंवा भोगवटादाराने परवानाधारक संस्थेकडून घ्यायचे असते. कोणत्या इमारतीने ते दिले आणि कोणत्या नाही, ही यादी दलाने दर सहा महिन्यांनी वॉर्डवार छापावी. शिवाजी पार्कचे रहिवासी मैदानातल्या धुळीवर आणि आवाजावर न्यायालयापर्यंत जाऊन भांडलेले आहेत. आपल्याच जिन्याखालच्या पंपाचे शेवटचे प्रमाणपत्र कोणत्या तारखेचे आहे, हे सोसायटीच्या सचिवाला विचारायला त्यांना जुलैपर्यंतही थांबण्याचे कारण नाही.